इस्त्रीवाल्या आत्याची यादी

आमच्या आत्याचा इस्त्रीचा धंदा. गल्लीतल्या बेचाळीस घरांचे कपडे तिच्या टेबलावरून जायचे. त्यामुळे कुणाचं पोट सुटलंय, कोण नव्या नोकरीला लागलंय, हे तिला घरच्यांच्याही आधी कळायचं. लोक पाठीमागे तिला ‘पोलीस चौकी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, आवडतही होतं.

लढाई लागली, बॉम्ब टाकणारी विमानं येऊ लागली, तेव्हा हल्ल्याच्या वेळी गल्ली सांभाळायला बिनपगारी वॉर्डन हवा होता. बाप्यामाणसं एकमेकांची तोंडं बघत बसली. आत्या म्हणाली, "द्या इकडे ती लोखंडी टोपी." टोपी डोळ्यांवर यायची, म्हणून तिने आत टॉवेल कोंबला. तिचे यजमान म्हणाले, "आता झोपेतही शिट्टी वाजवणार वाटतं!"

"वाजवीन की. तुमच्या घोरण्यापुढे ऐकू आली तर!"

वॉर्डनचं पहिलं काम यादीचं. घर पडलंच, तर किती माणसं शोधायची ते कळायला हवं ना? आत्याने दारोदार जाऊन विचारलं, "रात्री कोण कुठे झोपतं?" चार दिवसांत वही भरली. ती वही ती अशी मिरवायची, की जणू मॅट्रिकचं सर्टिफिकेटच!

मी तेव्हा गवंडीकाम करायचो आणि ढिगारे उपसणाऱ्या पथकात होतो. म्हणून पुढचं ऐकीव नाही, बरं का.

एके दिवशी भर दुपारी भोंगा झाला, बॉम्ब पडले आणि शिंप्याच्या दुमजली घराची मागची बाजू खाली बसली. वहीत माणसं पाच. पाचही जिवंत निघाली. दोघं बेशुद्ध, बाकीच्यांची वाचाच बसलेली. सगळ्यांना गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. पथकप्रमुख म्हणाला, "चला, आता चौकात."

आत्या आमच्या लॉरीपुढे उभी राहिली. "थांबा. अजून एक आत आहे."

"बाई, तुमच्याच वहीत पाच लिहिलंय."

"वही चुकली. म्हणजे मी चुकले." चारचौघांत हे म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा खाली गेला नाही. "दोन महिने शिंप्याच्या गाठोड्यात नर्सचा पांढरा एप्रन येतोय. सकाळी येतो, संध्याकाळच्या आत परत हवा असतो. म्हणजे भाडेकरू आहे, रात्रपाळीची. मी विचारत बसले रात्री कोण झोपतं. ती झोपते आत्ता!"

"एका एप्रनवरून आठ माणसं अडकवू? चौकात लोक दबलेत!"

"तिकडे दुसरं पथक गेलेलं मी पाहिलंय. मला तीनच माणसं द्या. खोटी ठरले, तर ही टोपी उद्या तुमच्या खुंटीला."

मी फावडं उचललं. माझ्यामागून दोघांनी उचललं. प्रमुखाने कोट काढून लॉरीत फेकला. "खोली कुठली?"

"भाडेकरूला पुढची खोली कोण देतं? मागची!"

दीड तास उपसलं. मग विटांखालून टकटक ऐकू आली. आम्ही फावडी थांबवली. पुन्हा टकटक. पलंगाखाली ती पोर आडवी पडलेली, चुन्याने पांढरीफटक. बाहेर येताच म्हणते, "माझी ड्युटी आठला आहे."

आत्या तिच्या तोंडावरची धूळ पदराने पुसत म्हणाली, "दवाखान्यातच चाललीयस. पण आज स्ट्रेचरवर झोपून जायचंस."

प्रमुखाने टोपीचं नाव काढलं नाही. त्याने वही मागितली, तर आत्या देईना. "अजून अपुरी आहे," म्हणाली. त्याच संध्याकाळी ती पुन्हा उरलेली एक्केचाळीस दारं फिरली, प्रत्येक घरी आपली चूक आपल्याच तोंडाने सांगत आणि नवा प्रश्न विचारत: "दिवसा कोण झोपतं?" बेकरीवाले दोघे, गिरणीचा पहारेकरी, रेल्वेचा सांधेवाला... अकरा माणसं निघाली. त्या दिवसापर्यंत ती सगळी कुठल्याच यादीत नव्हती.