पोचल्याचा फोन

आमच्या घराण्यात आजवर कुणीही हरवलेलं नाही, कारण आमच्याकडे पोचल्यावर फोन करायची पद्धत आहे. माणूस नागपूरला जावो की गावातल्या गावात नेपियर टाउनातून सदरला, पोचल्याचा फोन आल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. (मी याला शिस्त म्हणतो. बायको आजार म्हणते.)

त्यामुळे मेडिकलला शिकणारी आमची मिनू हॉस्पिटलातल्या कामाचा अनुभव घ्यायला पोर्तुगालला निघाली, तेव्हा मी तिला ही एकच अट घातली. पोरगी गुणी. आठवडाभर वॉर्डात राबायची आणि शनिवार-रविवार आला की कुठे किल्ला, कुठे समुद्र. बसने गेली तरी फोन, रेल्वेने गेली तरी फोन. "बाबा, पोचली." एवढं ऐकलं की मला भूक लागायची.

एका शनिवारी ती बोटीने कुठल्याशा बेटावर जाणार होती. बोट म्हटल्यावर मी तिच्याकडून पोचल्याचा फोन दोनदा कबूल करून घेतला. त्यात त्याच दिवशी मझौलीला माझ्या मावसभावाच्या, मधुकरच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. न जाणो, मिनूने घरी फोन केला तर, म्हणून बायकोला, शोभाला, घरीच बसवलं. मी मात्र पूर्ण तयारीनिशी निघालो. मोबाइलवर एक विमानाचं चित्र असतं. ते कशासाठी, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला: परदेशचे फोन सरळ लागावेत म्हणून! लगेच दाबलं आणि निश्चिंत झालो.

मझौलीला मुलीकडची मंडळी आली, मुलगी पाटावर बसली, तरी मिनूचा फोन नाही. मी लावला तर लागेना. समोर गरम आलूबोंडे आले, पण मी ताटली बाजूला सारली.

"काहून नाही खाऊन राहिले?" मधुकरने विचारलं.

"पोरगी बोटीत आहे."

"मग?"

"फोन नाही आला तिचा."

मधुकरने आपला मोबाइल दिला. त्यावरून घरी लावला, एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. म्हणजे शोभाला काहीतरी भलतंच कळलं असणार. मिनूच्या वॉर्डाचा नंबर मी जवळ ठेवला होता, तो फिरवला. पलीकडे कुणी सिस्टर होती.

"मॅडम, माय डॉटर नॉट रीच्ड. बोट."

ती म्हणाली, शनिवारी विद्यार्थी इथे नसतात. मी म्हटलं, तेच तर सांगून राहिलो, ती कुठंच नाही. आणि मला रडूच फुटलं.

खरं सांगतो, मला लाज वाटली नाही. एकुलती एक पोर. लहानपणी ग्वारीघाटावर नर्मदेच्या पाण्यात पाय घालायलाही भ्यायची, आणि तिला मी समुद्रावर जाऊ दिलं होतं.

पण पाहुणा ढसाढसा रडत असला की साक्षगंध पुढे सरकत नाही. गुरुजी थांबले. नवरदेव अंगठी हातात धरून तसाच उभा. मुलीकडचे एकमेकांना विचारू लागले, "भैया, कोई गुजर गया क्या?" मुलीची आजी माझ्या पाठीवरून हात फिरवत नर्मदामाईला साकडं घालू लागली. तास उलटला तरी मधुकरचा मोबाइल मी सोडलाच नव्हता, एकसारखा घरी लावत होतो; आता रिंग जायची, पण कुणी उचलेना.

इतक्यात दारात गाडी थांबली. आमचे शेजारी तिवारीजी उतरले आणि मागून शोभा, रडून रडून डोळे सुजलेले. मला पाहून ती जागीच थबकली.

"तुम्ही जिते आहे?"

"मला काय झालं? मिनू..."

"मिनू केव्हाची पोचली. तिनं तुम्हाले लावला, बंद. मी लावला, बंद. मधुकरभाऊले लावला तर एंगेज. मले वाटलं, बसच उलटली."

तिच्या हातातल्या तिवारीजींच्या मोबाइलवर मिनू दिसत होती, मागे निळंशार पाणी.

"बाबा, बेट पाहायचं सोडून मी इथंच बसली आहे. पोचल्यावर फोन नाही का करायचा?"

नवरदेवाने माझा मोबाइल घेऊन पाहिला.

"काका, हे विमान काहून चालू ठेवलं?"

"फोरेनचे फोन यावेत म्हणून."

त्याने त्यावर बोट ठेवलं. मोबाइल जो टुणटुणायला लागला, तो थांबेचना. आधी पाटावरची मुलगी फिसकन हसली, मग तिची आजी, मग गुरुजीही. त्या हशातच अंगठी घातली गेली, आणि मी आलूबोंडे मागवले.

मिनू सुखरूप परत आली. पोचल्याचा फोन आता घरात एकाच माणसाला सक्तीचा आहे. परवा तिवारीजींकडे पेपर वाचायला गेलो. खुर्चीत टेकलो आणि घरी फोन लावला.

"पोचलो."

"ऐकू आलं," शोभा म्हणाली, भिंतीपलीकडून.