दुर्गाकाकूंच्या मिरच्या

लालबागच्या आमच्या चाळीत मे महिना आला की सगळ्यांच्या मिरच्या रखमामावशींच्या कढईत येतात. गॅलरीच्या टोकाला शेगडी मांडून त्या एकेका घरचा मसाला भाजून देतात. आधी धणे, मग खडा मसाला, बेडगी शेवटी. मग ज्याचा तो डंकावर कुटायला नेतो. मिरची कढईत पडली की माणसं ठसकत घरात पळतात. मावशी जागच्या हलत नाहीत.

यंदाही दुर्गाकाकूंनी पिशवी आणली. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. गेल्या गणपतीत मंडपामागे चौघांनी मावशींच्या निलेशला मारलं, तेव्हा काकूंचा हितेंद्र त्याच्याबरोबर होता. पोलिसांना त्याने सांगितलं, अंधारात चेहरे दिसले नाहीत. पण निलेशला स्मशानात पोचवून आल्यावर मावशींच्या पायाशी रडताना त्याने चौघांची नावं घेतली होती. आता कोर्टात त्याची साक्ष होती, दुसऱ्याच दिवशी.

"दुर्गे, उद्या त्याला खरं बोलायला सांग," धणे परतत मावशी म्हणाल्या.

"माफ केलं म्हणालीस ना गो त्याला? मग विसर की आता. ती पोरं अजून नाक्यावर उभी असतात. मलापण एकच आहे."

"माफ केलं म्हणून तर तुझे धणे भाजतेय. विसरायचं कसं, ते तू सांग. तुझा जेवायला बसला की भिंतीतून ताटाचा आवाज येतो मला."

काकू बेडगी तिथेच ठेवून उठल्या.

कोर्टात हितेंद्र म्हणाला, "अंधार होता." मावशी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. पुढे चौघेही सुटले.

त्यानंतर काकू दारात आल्या, त्या पिशवी परत न्यायलाच. मावशींनी शेगडी पेटवली. एकही मिरची करपू दिली नाही.

"हितेंद्रला तुला तोंड दाखवायची लाज वाटते गो."

"लाजू नको म्हणावं. माझ्या दारावरून मान खाली घालून पळतो, तेवढं बंद कर म्हणावं. निलेशचा फोटो समोरच आहे. त्याच्याकडे बघून जात जा, रोज."

काकूंनी निरोप दिला असावा. हितेंद्र आता संडासाच्या बाजूने, मागच्या जिन्याने फिरून जातो.