दोन किलोमीटरची टेकडी

आज सकाळी शेजारणीने अंगणात मोहफुलं वाळत घातली. त्या गोडसर, आंबूस वासाने मला बारा वर्षांपूर्वीच्या बैहरच्या डोंगरात नेलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं तिथल्या विश्रामगृहात राहायला गेलो होतो. जवळ पायी फिरण्यासारखं काही आहे का, असं मी चौकीदाराला विचारलं.

"टेकरी है ना बाई, दो किलोमीटर. ऊपर से पूरा जंगल दिखता है."

पायवाटेवर मोहफुलांचा सडा पडला होता. अर्ध्या चढणीवर हे खडकावर बसले. शर्ट घामाने चिंब झाला होता.

"तू हो पुढं, मी येऊन राह्यलो."

"काहून? एवढ्यातच थकले?" मी हसले आणि निघाले.

वर गार वारा होता, खाली निळसर होत गेलेलं जंगल. मी बराच वेळ रमले. उतरले तेव्हा हे तसेच बसलेले, खडकाला टेकून. हाक मारली, हलवलं, पण अंग गार पडलं होतं. तो घाम चढणीचा नव्हता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शेवटी मी त्यांच्याजवळच होते, असं मुलांना सांगितलं. अजूनही तेच सांगते.