हुतुतूच्या बनियनवरची बिब्याची खूण

नामदेवच्या आईनं त्याच्या मानेवरचं फडकं बाजूला केलं आणि मला माझीच खूण दिसली. दोन उभ्या रेघा, खाली एक टिंब. बनियनवर मी ती काळ्यानं काढली होती, इथं ती फोडांनी उठली होती. तोंड सुजून डोळे मिटलेले, खांद्यावरून पाणी गळतंय. बदलापूरजवळच्या खरवई गावात, त्यांच्या घरामागच्या गोठ्यात त्याला निजवला होता. कारखान्याच्या डॉक्टरनं त्याच सकाळी, शनिवारी, सांगितलं होतं, "लागट रोग आहे. याला गेटच्या आत घेऊ नका."

मी परीट. बदलापुरात राहायचो आणि उल्हासनगरच्या कॅम्पात लालचंद शेठच्या लाँड्रीत धुलाई बघायचो. शेठ फाळणीत सगळं सोडून सिंधमधून आलेला. अंबरनाथच्या एका कारखान्याचं धुणं आमच्याकडे होतं, त्यावरच लाँड्री चालायची. त्या आठवड्यात सोमवारी धुण्यात कारखान्याच्या हुतुतू संघाच्या, एकदाच घातलेल्या सात नव्या बनियनी आल्या. कबड्डी हे नाव आमच्या तोंडी पुढं बसलं.

नामदेव त्या संघाचा चढाईचा गडी. कारखान्यात बदली कामगार, म्हणजे कुणी रजेवर असेल तर काम, नाहीतर गेटवरून परत. वेल्फेअर ऑफिसरनं त्याला शब्द दिला होता, "रविवारी फायनलला दाखव काय ते. सोमवारी तुझं नाव कायमच्या यादीत." बदलापूरच्या गाडीला भेटला की हाच विषय. "भिकूदादा, एकदा परमनंट झालो ना, मग बघ." काय बघ, ते कधी बोलला नाही.

बनियनी गडद लाल होत्या. ओल्या फडक्यानं चोळून पाहिलं, तर फडकं गुलाबी. कच्चा रंग! असा कपडा भट्टीत घालायचा नसतो. भट्टी म्हणजे सोडा-साबणात बुडवलेले कपडे चुलाणावर वाफेत शिजवायचे. पांढऱ्याला ते उत्तम, रंगीत कपड्याची वाट लागते. आणि खेळाडूचा कपडा म्हणजे नुसता घाम. बोचक्यात दोन दिवस राहिला की कुजका वास धरतो, मग कितीही धुवा. म्हणून मी त्या आल्या आल्या सोडवल्या. थंड पाण्यात मीठ, मग रिठ्याचं पाणी. आपटल्या नाहीत, पिळल्या नाहीत, हातानं दाबून घेतल्या, उलट्या करून सावलीत वाळवल्या. रंग जरासुद्धा हलला नाही. मला मोठा अभिमान वाटला. शेठला बोलावून दाखवल्या.

पण रंग जपण्याच्या नादात अक्कल गहाण पडली ती अशी. खूण घातल्याशिवाय आमच्याकडे कपडा पाण्यात जात नाही, नाहीतर याचा सदरा त्याच्या घरी. खूण बिब्यानं घालतात. बिब्याला सुई टोचली की चीक येतो, तो कपड्यावर काळा पडतो आणि जन्मात निघत नाही. हाच चीक कातडीला लागला तर अंगावर उततो, फोड येतात. परटाच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग गिऱ्हाइकाला त्रास का होत नाही? खुणेवर आम्ही चुना दाबतो, वर कपडा भट्टीत शिजतो. चिकाचं जहर मरतं, डाग तेवढा राहतो. रेशमी कपडा भट्टीत जात नाही, त्याला आम्ही दोऱ्याची खूण घालतो. बनियनींनाही दोराच घालायला हवा होता. सात बनियनींना असा किती वेळ लागला असता! पण हाताची सवय. सातही बनियनींच्या मानेच्या आतल्या पांढऱ्या पट्टीवर मी बिबा ओढला, अन् वर भट्टी दिली नाही.

बिबा सगळ्यांना सारखा उतत नाही. बाकीचे सहाजण बुधवारी सरावापुरती बनियन घालून काढून ठेवणारे. त्यांना नुसती खाज सुटली, घामोळं म्हणून सोडून दिली. नामदेवनं ती अंगावरून उतरवलीच नाही. कारखान्याचं नाव छापलेली बनियन! गावात तीच, झोपायलाही तीच. वरून घाम. शुक्रवारी त्याचं तोंड सुजलं. शनिवारी परतीच्या गाडीला तो दिसला नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

गोठ्यात मी काय बोललो? "खोबरेल लाव," एवढंच. आईनं विचारलं, "काय असंल रं हे?" मी म्हटलं, "उतरेल." आणि निघालो. 

रविवारी सकाळी शेठच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. त्यानं उठून दार लोटून घेतलं.

"साईं, और किसको बोला?"

"कुणालाच नाही."

"मग नको बोलू. फॅक्टरीचं काम गेलं तर लाँड्री बंद. तू, मी, भट्टीवाले, सगळे रस्त्यावर. मी एकदा रस्त्यावर आलोय, भिकू. पुन्हा नको."

त्याच्यावर काय खापर फोडू? तोंड माझं होतं. मी ते रविवारभर मिटून ठेवलं. दुपारी संघ नामदेवशिवाय खेळला आणि हरला.

सोमवारी मात्र राहवेना. शेठला न विचारता अंबरनाथला गेलो. ऑफिसर कागद बघत होते.

"साहेब, नामदेवला रोग नाही. बिबा उतलाय. चूक माझी आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस सज्जन होता, हेच वाईट. "अरे, कालच्या दिवसात आला असतास तर डॉक्टरांशी बोललो असतो. आज सकाळी यादी सही होऊन वर गेली. त्याच्या जागी दुसरं नाव आहे. आता ते कसं खोडू?" मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "बाकी तुमचं काम चोख आहे हं. रंग अगदी जसाच्या तसा." कारखान्याचं धुणं आमच्याकडेच राहिलं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही.

तिथून खरवईला गेलो. नामदेवला सांगितलं. त्याचा एक डोळा थोडा उघडला होता. तो म्हणाला, "म्हणजे मी रोगी नाही ना? आये, ऐकलंस का? मला घरात घे." हसतच होता तो. नोकरीचं त्याच्या अजून ध्यानातच आलं नव्हतं.

आईच्या ध्यानात आलं. 

"तू शनवारी आलास तवाच तुला ठावं व्हतं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग सोमवार का उजाडू दिलास?"

दोन-तीन आठवड्यांत नामदेवची कातडी साफ झाली. कारखान्यात त्याला परत बदलीवरही घेतलं नाही, एकदा रोगी म्हणून नाव गेलं ते गेलंच. पुढं तो खडी फोडायला जायचा. खेळ सुटला. मी तेव्हापासून अंगालगतच्या कपड्याला दोऱ्याचीच खूण घातली आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तेच शिकवलं. चूक झाली तर त्याच दिवशी जाऊन सांगा, हेही शिकवत आलो. ते शिकवताना मात्र माझा आवाज कधी चढला नाही.