चिंधी कोणत्या खांद्यावर?

सन दोन हजार तेवीस, महिना डिसेंबर, ऋतू हेमंत. मार्गशीर्ष नुकताच लागला होता. एवढी नोंद मुद्दाम करते आहे, कारण त्यानंतरच्या कोणत्याही गोष्टीची खात्री मला देता येणार नाही!

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक. कचेरीत तेहतीस वर्षे आवक-जावक सांभाळली, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. अशा बाईला स्वतःचा दुखरा खांदा उजवा की डावा हे सांगता येऊ नये? बसतो का विश्वास? माझाही बसत नाही. पण चहा निवण्यापूर्वी सांगून टाकते.

मी गळाने मासे धरते. हसू नका. छंद यजमानांचा. ते गेल्यावर त्यांची काठी दोन वर्षे कोपऱ्यात उभी होती. आम्हांला मूलबाळ नाही. काठी द्यायची तरी कोणाला? तेव्हा एके सकाळी तीच घेऊन, स्वच्छ इस्त्रीचे लुगडे नेसून, भिवंडीहून रिक्षाने अंजूरच्या खाडीवर गेले. तिथे मला तीन सोबती मिळाले. जनूभाऊ, अंजूरचेच; शेतावर आता गोदामे उभी आहेत, म्हणून सकाळी वेळच वेळ. इस्माईलभाई, चाळीस वर्षे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेले. आणि कमल, कशेळीची, जिला पाण्याकडे नुसते पाहून आतला मासा बोय आहे की शिंगाळा ते कळते.

मी येण्यापूर्वी त्या बांधावर शिस्त म्हणून नव्हती. कोणी कोठेही बसे! मी वही घातली आणि नियम लिहिले. पैकी दोन तुम्ही ध्यानात ठेवा.

नियम पहिला: प्रत्येकाची जागा ठरलेली. जागेवरून उठताना तिथल्या बांबूला आपली चिंधी बांधावी. चिंधी आहे तोवर त्या जागेला इतरांनी हात लावू नये.

नियम दुसरा: लागोपाठ तीन उधाणे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या तीन मोठ्या भरत्या, जागा रिकामी राहिल्यास तिच्यावरील हक्क संपला.

माझी जागा उघाडीशेजारचा सपाट दगड. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर सोडण्याचे बांधातले दार. तिथे मासा हमखास. आणि माझी चिंधी लाल लुगड्याची, चारही कडा दुमडून शिवलेली. धागे लोंबणारी चिंधी मला पाहवत नाही, त्याला काय करणार?

तर त्या डिसेंबरात माझ्या गळाला काहीतरी प्रचंड लागले.

"जिताडा हाय, काकी! सोडू नको!" जनूभाऊ ओरडले. हे गृहस्थ साऱ्या जगाला 'तू' म्हणतात. उद्या जिल्हाधिकारी आले तरी 'बस रं' म्हणतील.

मी सोडला नाही. पदर खोचला, पाय रोवले आणि सर्व शक्तीनिशी काठी ओढली. खांद्यात काहीतरी कापड फाटावे तसे टर्रकन झाले, आणि जिताडा वर आला. जिताडा कसला! गोदामाचे प्लास्टिकचे पोते, गाळाने गच्च भरलेले.

"मौसी," इस्माईलभाई गंभीरपणे म्हणाले, "पच्चीस किलो का है. लेकिन काटे बिलकुल नहीं."

डॉक्टरांनी फोटो काढवला. खांद्यातील स्नायूचा बंध फाटला होता, शस्त्रक्रिया अटळ.

"काठी पुन्हा धरता येईल ना?" मी विचारले.

"बहुधा येईल. पण चार महिने नाव काढायचं नाही."

बहुधा! आणि चार महिने म्हणजे आठ उधाणे! हात उठला तरी जागा गेलेली, आणि जागा राहिली तरी हात उठेल की नाही कोणास ठाऊक. घरी माझी वाट पाहणारे कोणी नाही, मंडळी. त्या दगडावर मात्र होते.

"काकी, तुझ्यासाठी नियम सोडू," जनूभाऊ म्हणाले. "आमी हाव ना."

"मुळीच नाही. नियम म्हणजे नियम."

"पर तू घाबरलीयस का?"

"मी घाबरलेली नाही. मी केवळ चौकशी करते आहे."

रुग्णालयात दाखल झाले ती दुपारची वेळ. सोबतीला कमल. डॉक्टर आले. एवढासा मुलगा, पण हात हलका. त्यांनी मला पाठमोरी बसवले, खांद्याला मागून काहीतरी केले, सोबतच्या दोघांशी इंग्रजीत बोलले आणि निघून गेले. कमल तेव्हा चहा आणायला गेली होती. मी पाठमोरी असल्यामुळे मला काही दिसले नाही, आणि पाठीमागे चाललेल्या गोष्टींची विचारपूस करणे मला शिष्टसंमत वाटत नाही.

मग सिस्टरने साबण देऊन अंघोळीला पाठवले. न्हाणीघरातल्या आरशात पाहते तो काय, खांद्याच्या मागे जांभळ्या शाईचा हा एवढा फराटा! कोणाचे तरी पेन गळत होते. मला कमालीचा संताप आला. जिथे शस्त्रक्रिया होते तिथे ही स्वच्छता?

"कमल, खोबरेल लाव आणि घासून काढ."

"काकी, दुखंल तुमाला."

"दुखू दे. डाग घेऊन मी डॉक्टरांपुढे जाणार नाही."

बिचारीने हलक्या हाताने अर्धा तास घासले. खांदा लख्ख झाला. मी नवे पातळ नेसून पलंगावर बसले, आणि एकाएकी मनात विचार चमकला. उद्या डॉक्टर उजव्याऐवजी डावा खांदा उघडतील तर? कोठेतरी असे घडल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते. आणि पाहा, या लोकांनी माझ्या अंगावर साधी खूणसुद्धा केली नव्हती! केवढा हा निष्काळजीपणा!

व्यवस्था मलाच करावी लागली. बांधावरून निघताना सोडून आणलेली माझी लाल चिंधी पिशवीतून काढली आणि कमलकडून डाव्या, म्हणजे निरोगी खांद्यावर बांधून घेतली. अर्थ स्पष्ट होता: येथे हात लावू नये. मन शांत झाले. सिस्टरने दुखणे थांबवण्याची गोळी दिली, मी शाल पांघरली आणि झोपले.

डोळा उघडला तेव्हा उन्हे उतरली होती. शाल सरकली होती, आणि चिंधी उजव्या खांद्यावर होती.

मी विचारात पडले. गोळीमुळे एकही खांदा दुखत नव्हता. चिंधी मी निरोगी खांद्यावर बांधली होती, याविषयी शंका नव्हती. चिंधी उजव्यावर आहे. सबब निरोगी खांदा उजवा. मग आजवर मी दुखतो दुखतो म्हणत होते तो डावा होता काय? तुम्ही म्हणाल, स्वतःची आठवण नव्हती का? होती. परंतु कचेरीत तेहतीस वर्षे मी आठवणीवर कधीच काम केले नाही. समोरच्या खुणेवर केले. म्हटले, वय झाले, होते असे. पुन्हा झोपले.

सायंकाळी जागी झाले तो चिंधी डाव्या खांद्यावर!

आता मात्र घाम फुटला. समोर कमल वाटाणे सोलत बसली होती.

"कमल, माझा कोणता खांदा दुखतो?"

कमलने माझ्याकडे असे पाहिले, जसे ती भरती उतरताना काठावर राहिलेल्या माशाकडे पाहते. "झोपा काकी. सगलं ठीक होनार हाय."

असे ज्याला सांगतात त्याचे काहीच ठीक नसते, एवढे मला समजते. माझी खात्री झाली की बुद्धी गेली, आणि ती गेल्याचे माझ्याखेरीज सर्वांना कळले आहे.

सकाळी सुई दिली, तिच्या गुंगीत कमलने अंगावर हिरवा झगा चढवला, वर शाल, आणि ढकलगाडीवरून शस्त्रक्रियेच्या खोलीकडे मिरवणूक निघाली. दाराशी तिन्ही सोबती उभे. जनूभाऊ म्हणाले, "काकी, पोत्याला न्हाय घाबरलीस, ह्याला काय घाबरतंस?" इस्माईलभाईंनी डोळे मिटून दुवा मागितली. मला भरून आले. तेवढ्यात सिस्टरने शाल काढली आणि थबकली. डॉक्टर पुढे आले, तेही थबकले.

"आजी, हे काय?"

मी डावीकडे पाहिले. लाल चिंधी. उजवीकडे पाहिले. पिवळा हातरुमाल, चिंधीसारखाच बांधलेला!

"दोन्ही खांदे करायचेत का?" डॉक्टरांनी विचारले.

"ज्यावर चिंधी आहे त्याला हात लावू नये," मी ठामपणे म्हटले.

"मग मी घरी जातो."

"अरे, ऐसा नहीं!" इस्माईलभाई मागून कळवळले. "जो लूम बंद पडता है, उसपे लाल कपडा बांधते हैं. मिस्त्री दूर से देखता है, सीधा आता है, रिपेर करता है. मौसी ने अच्छे खांदे पे बांधा था! मैंने ही कमलभाभी को बोला, बदलो इसको. नहीं तो मिस्त्री चालू लूम खोल देगा!"

"म्हंजे तू बदललास?" जनूभाऊ उसळले. "मी आलो तं चिंधी दुखऱ्या खांद्यावर! बांधावरचा नियम तुला ठावं न्हाय का? चिंधी हाय तं हात लावायचा न्हाय! डॉक्टर हात न लावता गेला असता म्हंजे? म्हून मी कमलला परत बदलायला लावली."

"ये बांध नहीं है जनूभाऊ, अस्पताल है!"

"आनि ह्यो तुजा कारखाना हाय का?"

सर्वांनी कमलकडे पाहिले. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "दोगं पन खरं वाटलं. भांडान नको, म्हून सकाळी दुसऱ्या खांद्यावर माजा रुमाल बांदला."

डॉक्टरांनी हसू आवरले, हे त्यांच्या शिक्षणाचे लक्षण. मी मात्र संधी साधली. "डॉक्टरसाहेब, दोष यांचा नाही. आपल्या रुग्णालयाने खूण केली असती तर हा प्रसंग आला नसता. मी लेखी तक्रार करणार आहे."

"पण आजी, खूण मी स्वतःच केली होती. काल दुपारी. उजव्या खांद्यामागे जांभळा बाण." त्यांनी वाकून पाहिले. "एवढी पक्की शाई! कुठे गेला?"

कमल खाली पाहू लागली. मी वर, छताकडे.

"खोबरेल तेलाने," मी अत्यंत हळू आवाजात म्हटले, "अर्ध्या तासात जाते."

डॉक्टर काही क्षण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते, दोन्ही. मग वळून म्हणाले, "कागद, फोटो सगळं माझ्याकडे आहे, काळजी नको. पण तुमची खात्री पटायला हवी. आजी, गळ टाकून दाखवा."

"येथे?"

"इथेच. उघाडी समोर आहे असं समजा."

मी डावा हात उचलला, सहज गेला. उजवा हात काठी धरल्यासारखा मागे नेला, वर उचलू लागले, आणि छातीच्या वर येताच अशी कळ आली की मी किंचाळले.

"ह्योच!" तिघे एकदम ओरडले. एवढ्या वादानंतर त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते.

डॉक्टरांनी नवा बाण काढला. "आता घासू नका हं," म्हणाले, आणि मला आत नेले.

शस्त्रक्रिया नीट झाली. पुढचे चार महिने हात झोळीत. व्यायामासाठी इस्माईलभाईंनी लूमची जुनी पुली आमच्या दारावर बसवली. तिची दोरी ओढायची. जनूभाऊ समोर खुर्चीवर बसून ओरडत, "वढ काकी, पोता हाय!" कमल बोयीचे कालवण आणी. हात तसूतसूने वर जात होता. जागेविषयी मी विचारले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. नियम माझाच होता, मी कोणत्या तोंडाने विचारणार?

अखेर एप्रिलात डॉक्टरांनी हलकी काठी धरण्याची परवानगी दिली. सर्वांना चकित करावे म्हणून रविवारी सकाळी कोणाला न कळवता एकटीच रिक्षा करून अंजूरला गेले. बांधावर अजून कोणी नव्हते. उघाडीजवळ जाते तो माझ्या दगडाशी बांबू रोवलेला, आणि त्यावर लाल चिंधी फडफडत होती.

झाले! जागा दिली गेली होती. आठ उधाणे होऊन गेली होती. तक्रारीला वाव नव्हता. मी चिंधीला हात लावला नाही, तिच्याकडे पुन्हा पाहिलेसुद्धा नाही. स्वाभिमानाने चालत बांधाच्या पार शेवटच्या टोकाला गेले, जिथे सावली नाही, मासा नाही, नुसता गाळ आहे. तिथे बसले. पातळाचा काठ चिखलात भिजला. डोळ्यांत पाणी आले ते उन्हामुळे.

अर्ध्या तासाने तिघे आले.

"काकी?" जनूभाऊंना दुरून विश्वास बसेना. "आगं, तकडं चिखलात कशाला बसलीस?"

"माझी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आहे. नियमाप्रमाणे योग्यच आहे. माझी काही हरकत नाही."

"कोनाला मिळाली?"

"ज्यांची चिंधी आहे त्यांना."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. कमल धावत गेली, बांबूवरची चिंधी सोडून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "काकी, जरा बगा तरी. दवाखान्यातून मीच आनली. चार म्हैने ती कोनी सोडली न्हाय."

"पहिला नियम," जनूभाऊ म्हणाले. "चिंधी हाय तवर हात लावायचा न्हाय. तुज्याच वहीत लिवलाय."

मी चिंधी उलटून पाहिली. चारही कडा दुमडलेल्या, टाके बारीक, सारख्या अंतरावरचे. अख्ख्या खाडीवर शिवलेली चिंधी एकाच बाईची होती, आणि ती बाई अर्धा तास गाळात बसून स्वतःवरच रुसली होती!

मला उठवून त्यांनी दगडावर बसवले. इस्माईलभाईंनी गळाला कोळंबी लावली आणि काठी पुढे केली. "हां मौसी, आता टाका. कौनसे हाथ से?"

खरे सांगते, मंडळी. उत्तर देण्यापूर्वी मी दोन्ही खांदे चाचपून पाहिले.