सोबतचा माणूस

"मूत्राशयाच्या कॅन्सरच्या उपचारांचं चित्र देशभर झपाट्याने बदलत आहे," पेणच्या सभागृहात मुंबईहून आलेले डॉक्टर म्हणाले. चिरफाड कमी, रोबोटचे हात, जमेल तिथे मूत्राशय वाचवण्याकडे कल. पडद्यावर देशाचा नकाशा होता आणि सगळे बाण वर जात होते.

शेवटच्या रांगेत, माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर, तो उकिडवा बसला होता. त्याने एक बोट वर केलं.

"साहेब, घरी कोन नसला तर काय करायचा?"

डॉक्टर पाणी प्यायले. पडद्यावर तो प्रश्न नव्हता.

तुमच्याही गावात असा एक जण असेल. धरमतरच्या खाडीकाठी मी मास्तरकी केली त्या गावात तो उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. भरतीला फळ्या टाकून खारं पाणी अडवायचं, ओहोटीला फळ्या उचलून शेतातलं सोडायचं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मदत देऊ केली की म्हणायचा, "माजा मी करतो."

लघवीतून रक्त जाऊ लागलं, तेव्हा दोन महिने त्याने उन्हाला दोष दिला. मग मी त्याला पेणच्या त्या सभेला नेलं आणि तिथून पुढे मुंबईला. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. मूत्राशय ठेवायचं तर कित्येक आठवडे किरणांसाठी रोजची फेरी, सोबत माणूस हवा. काढायचं तर पोटाला छिद्र, त्यावर लघवीची पिशवी.

"पिशवी एकट्याला बदलता येल?"

"शिकलात तर येईल."

"मंग काढा."

देशाचा कल त्याने एवढ्यावर मोडला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर पिशवीची जागा आखायला आल्या. "मामा, खुर्चीवर बसा." त्यांनी पोटावर पेनाने फुली मारली.

"बाय, मी खुर्चीवर कवा बसतो?" म्हणत तो फरशीवर उकिडवा बसला. फुली पोटाच्या घडीत गडप झाली. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, फुली पुसली आणि दोन बोटं वर नवी मारली. त्याने नसलेली फळी दोन्ही हातांनी उचलून पाहिली.

"आता बरोबर हाय."

फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. 'नातं' या रकान्याशी माझं पेन अडलं.

"भाचा लिवा, मास्तर."

"अरे, कोणाला पटेल?"

"कागद तोंड बगतो काय?"

पुढची दोन वर्षं तो पिशवी स्वतः बदलायचा, सकाळी, ओहोटीच्या आधी. मी डोकावलो तर दाराआडून आवाज यायचा, "माजा मी करतो. तुमी चाय ठेवा." चहा मात्र तो दोन कप प्यायचा आणि मला लवकर उठू द्यायचा नाही.

मग दुखणं फुप्फुसात निघालं. पुन्हा मुंबईला यायला तो नाही म्हणाला. मी रात्री सोबतीला येतो म्हटलं, त्यालाही नाही.

एका ओहोटीला शेतातलं पाणी हललं नाही. तेव्हा गावाला कळलं. मी गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा होता. पिशवी नुकती बदललेली, स्वच्छ.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलातून फोन आला. तपासणीची तारीख आहे, मामांना घेऊन या. ते गेले, मी म्हणालो.

"अरेरे. आपण कोण बोलताय?"

"भाचा."

मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.