दातांच्या दवाखान्यात हिब्रू स्तोत्रं

कविता समजून घ्यायला बसलं की कविता सावकाश समजते, किस्से मात्र भराभर जमतात! आमच्या रविवारच्या गटाचं तेच झालंय.

रत्नागिरीत माझा दातांचा दवाखाना आहे. रविवारी तो बंद असतो. म्हणजे पेशंटना बंद! दुपारी वेटिंग रूममधल्या खुर्च्या गोल मांडायच्या, कुणीतरी आणलेल्या फणसपोळीचे तुकडे करायचे, आणि हजारो वर्षांपूर्वीची हिब्रू स्तोत्रं वाचायची, असा आमचा उद्योग. लोकांना सांगितलं की ते आधी हसतात. मग विचारतात, "पण का?"

त्याचं उत्तर मोशेकाकांकडे आहे.

* * *

मोशेकाका म्हणजे बेने इस्रायली, आपल्या कोकणातले ज्यू. मूळचे केळशीकडचे. नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, काका इथेच राहिले. "तिकडे उकड्या तांदळाची पेज कोण देणार मला?" म्हणतात.

ते माझ्याकडे कवळी बसवायला आले होते. मी कवळी बसवली आणि म्हटलं, "काका, काहीतरी चावून बघा."

"चावायचं नंतर बघू," काका म्हणाले. "आधी म्हणून बघतो. 'स' आणि 'श' नीट आला पाहिजे."

आणि त्यांनी खुर्चीतच एक स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. हिब्रूत! चढत जाणारा, मध्येच थरथरणारा आवाज. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. माझ्या अंगावर काटाच आला.

"काका, काय सुंदर! याचा अर्थ काय?"

काका आरशात नवे दात बघत म्हणाले, "तेच तर! अक्षरं वाचता येतात, चाली पाठ आहेत, अर्थ कुणी शिकवलाच नाही. वडिलांना विचारलं की म्हणायचे, 'मोठा झालास की कळेल.' आता पंचाहत्तरी उलटली, डॉक्टर. अजून किती मोठा होऊ?"

* * *

अर्थ सांगणारं माणूस रत्नागिरीत कुठून आणायचं? तर ते आधीच आलेलं होतं, आणि तेही अक्कलदाढेच्या निमित्ताने!

अनघा लग्न होऊन पुण्याहून इथे आली. सासरी आंब्याच्या कॅनिंगचा धंदा. दाढ काढण्याआधी मी नेहमीप्रमाणे गप्पा मारत विचारलं, "शिक्षण काय तुझं?" ती म्हणाली, "प्राचीन हिब्रू." मी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं.

"काय झालं?" ती घाबरली.

"काही नाही. तुझी दाढ काढते, पण तू रविवारी यायचं!"

पुढे आणखी दोघे आले. एक लिमये वकील. कुठलंही वाक्य ते उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. दुसरे चीफ, मालगुंडचे, मोठ्या बोटींवर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर घरातले सगळे पंखे आणि नळ दुरुस्त करून संपले, तेव्हा त्यांच्या बायकोनेच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

* * *

पहिल्याच रविवारी अनघाने फळ्यावर एक अक्षर काढलं. खाली बैठक, वर तीन फाटे. "हे 'शिन'. या नावाचा संबंध दाताशी आहे."

मी ओरडलेच, "ही तर वरच्या जबड्यातली दाढ! तीन मुळं वर! रोज एक्स-रेत बघते मी!"

मला इतका आनंद झाला की फळा पुसूच दिला नाही. सोमवारी आतल्या गावातून एक आजीबाई आल्या. फळ्यावरच्या हिब्रू ओळींकडे बराच वेळ टक लावून बघत राहिल्या. मग समाधानाने मान हलवून म्हणाल्या, "डाक्टरीणबाय, तुमचा अक्षर आधीपरीस बरा झालाय हो!"

* * *

जुन्या हिब्रू पोथ्यांत स्वर लिहीतच नसत, नुसती व्यंजनं. स्वरांच्या खुणा कित्येक शतकांनंतर आल्या. हे ऐकून वकील खवळले. "काना-मात्रा-वेलांटी काहीच नाही? मग वाचायचं कसं? असा दस्तऐवज कोर्टात एक मिनिट टिकणार नाही!"

अनघाने फळ्यावर मराठीत दोनच अक्षरं लिहिली. द आणि र. "यात स्वर घाला आणि वाचा."

"दार," मोशेकाका म्हणाले.

"दूर," चीफ म्हणाले.

मी म्हटलं, "दोरा." टाके घालते ना!

वकील आमच्या सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडले, "दारू!"

अनघा हसू दाबत म्हणाली, "म्हणून आधीच्या आणि पुढच्या ओळी बघायच्या. आपल्या मनातलं नाही, कवीच्या मनातलं शोधायचं."

चीफ वकिलांकडे वळून म्हणाले, "कवीचं सावकाश कळेल. तुमचं कळलं!"

* * *

या कवितेत यमक जवळजवळ नसतंच. यमक जुळतं ते अर्थाचं. एका ओळीत एक गोष्ट सांगायची, लगेच दुसऱ्या ओळीत तीच वेगळ्या शब्दांत. हे कळल्यावर आम्ही सगळेच वेडे झालो, पण वकील जास्त.

आठवड्याभरात लिमयेवहिनींचा फोन. "अहो डॉक्टर, काय शिकवलंत ह्यांना? सगळं दोनदा बोलतात! आज सकाळी म्हणे, 'माझा चष्मा कुठे गेला, माझ्या डोळ्यांच्या काचा कुणी लपवल्या?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणणार काय? म्हटलं, 'चष्मा तुमच्या डोक्यावर आहे, काचा तुमच्या टकलावर चमकतायत!'"

मी हे रविवारी वर्गात सांगितलं. अनघा खुर्चीतून उठलीच. "अहो, हे अस्सल आहे! वकिलांनी नुसतं तेच पुन्हा सांगितलं. वहिनींची दुसरी ओळ पुढे गेली. डोक्याचं टक्कल झालं! खरी हिब्रू ओळ अशीच असते, दुसरीने पहिलीला धार लावायची असते!"

वकील पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली लग्नाला. दुसरी ओळ कायम तिचीच असते."

* * *

स्तोत्रांत अधूनमधून एक शब्द येतो, 'सेला'. त्याचा अर्थ खात्रीने कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं इथे थांबा, कुणी म्हणतं आवाज चढवा, कुणी म्हणतं वाद्यं वाजवा.

"मग छापतात कशाला?" वकिलांनी विचारलं.

"पूर्वजांनी लिहिला म्हणून," अनघा म्हणाली. "आपल्याला कळत नाही म्हणून गाळायचा नसतो."

वकिलांना हे भलतंच आवडलं. पुढच्याच आठवड्यात कोर्टात न्यायाधीशांनी त्यांना नेमक्या नको त्या मुद्द्यावर प्रश्न विचारला. वकिलांनी घाईघाईने कागद चाळले. तोंडातून शब्द गेला, "सेला!"

"म्हणजे काय?" न्यायाधीश.

"साहेब, त्याच्या अर्थाबद्दल विद्वानांत एकमत नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "एकमत होईपर्यंत पुढची तारीख घ्या!"

* * *

चीफ तसे कमी बोलणारे. पण एका रविवारी त्यांनी सगळा वर्ग हातात घेतला.

त्या दिवशीच्या स्तोत्रात एक बुडणारा माणूस देवाला हाका मारत होता. पाणी त्याच्या 'नेफेश'पर्यंत चढलेलं. अनघा म्हणाली, "नेफेश म्हणजे आत्मा, प्राण, असं साधारण भाषांतर करतात."

"नाही पटत," चीफ म्हणाले. "पाणी आत्म्यापर्यंत कसं चढेल? मोजायचं कुठे?"

अनघाचे डोळे लकाकले. "बरोबर पकडलंत! नेफेशचा जुना अर्थ आहे गळा. घसा. जिथून श्वास जातो ती जागा."

 चीफनी हाताची कड स्वतःच्या गळ्याला लावली.

"इथे," ते म्हणाले. "मी नुकताच लागलो होतो बोटीवर. एका परक्या बंदरात लाँचमधून शिडीवर चढताना पाय सटकला. एका हातात दोर, बाकी सगळा पाण्यात. लाट आली की पाणी इथे लागायचं. बरोबर इथे. मी आईला हाक मारली, देवाला मारली, कुणाकुणाला मारली. ती गळ्यातून आली की आत्म्यातून, ते मला आजही सांगता येणार नाही. एकच शब्द पुरे आहे, अनघा. दोन कशाला पाहिजेत?"

हे त्यांनी घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.  आणि माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं!

"अहो, आपण काय म्हणतो? जीव कंठाशी आला! कंठाशी! जीव आणि गळा, आपल्याकडेही एकाच ठिकाणी!"

अनघाने टाळीच वाजवली. मोशेकाका खुर्चीवर हात आपटत "वा! वा!" करायला लागले. फणसपोळीची ताटली खाली पडली, कुणी उचलली नाही.

वकील म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण हिब्रूच बोलत होतो की!"

* * *

आणि आता मोशेकाकांची ओळ.

काकांच्या वडिलांचं एक आवडतं स्तोत्र होतं. संध्याकाळी दिवा लागला की ते मुलाला समोर बसवून ते म्हणत. काका ते पुस्तकातून शिकलेच नव्हते. ऐकून ऐकून पाठ झालेलं. वडील गेले, घर बदललं, भाऊ-बहिणी लांब गेल्या, पण काका दर संध्याकाळी ते म्हणत आले. आम्ही ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण काकांनाच धीर होत नव्हता. "अर्थ साधाच निघाला तर?" म्हणायचे. "इतकी वर्षं मी त्याला केवढं मोठं समजत आलोय!"

शेवटी एका रविवारी स्वतःच म्हणाले, "चला. आज घेऊ."

काकांनी म्हटलं. अनघा पुस्तकात बोट ठेवून ओळीमागून ओळ ऐकत होती. मध्यावर तिचं बोट थांबलं.

"काका, परत म्हणा बरं."

काकांनी परत म्हटलं.

"ही ओळ पुस्तकात नाहीये."

"असं कसं? वडील म्हणायचे. रोज म्हणायचे."

अनघाने दुसरी प्रत काढली, मोबाइलवर आणखी दोन उघडल्या. कुठेच नाही! ती उठून उभी राहिली. "तुम्हाला कळतंय का, हे काय असू शकतं? कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकलेली ओळ! जगात कुठेच नसलेली!"

आमचं काय झालं म्हणून सांगू! वकील म्हणाले, "ताबडतोब रेकॉर्ड करा, साक्षीदार म्हणून मी सही करतो." चीफनी पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. मी दाराला आतून कडी घातली.

काकांनी पुन्हा म्हटलं. लांबवलेल्या, हेलकावणाऱ्या चालीत. "मोशेर्रेनीईतब्बाऽऽस."

अनघा भराभर फळ्यावर लिहीत होती. "मोशे. हे नाव असेल, किंवा 'बाहेर ओढून काढणारा'. म्हणजे तारणारा! आणि हा 'नि', हे क्रियापदाचं कर्मणी रूप वाटतंय. पण पुढचा धातू लागत नाही. काका, आता चाल सोडा. एकेक अक्षर सुटं म्हणा. अगदी सावकाश."

काकांनी डोळे मिटले.

"मो... शे... रे..." ते म्हणाले. "नी... ट..."

आणि थांबले.

डोळे उघडले. आमच्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. मग हलक्या आवाजात, साध्या मराठीत, उरलेली अक्षरं म्हणाले.

"बस."

मोशे रे, नीट बस!

 अनघाच्या हातातला खडू तसाच राहिला.

"मी लहानपणी फार चुळबुळ करायचो," काका म्हणाले. "वडील चाल मोडायचे नाहीत."

आणि मग ते हसायला लागले. आम्हीही लागलो. वकील तर भिंतीला धरून हसत होते. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ते पुसतही नव्हते. "म्हणजे देवाला मी रोज हे सांगत होतो!" असं म्हणून पुन्हा हसायचे.

हसू ओसरल्यावर अनघाने जपून विचारलं, "काका, मग आता म्हणताना ही ओळ गाळायची ना?"

 काका खुर्चीत मागे सरकले, पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि स्तोत्र पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. मध्यावर आले, आणि ती ओळ त्यांनी सगळ्यात मोठ्याने म्हटली.